उलटी चेन

निरीक्षकसाहेबांनी निवृत्तीनंतर चेनसॉ आणली, म्हणजे इंजिनावर चालणारी लाकडं कापायची करवत, आणि त्यांच्या पत्नीला, काकूंना, धास्ती बसली. कारण अंगणातलं तुतीचं झाड.

त्या झाडाला काकूंनी लग्न होऊन या घरात आल्यापासून शिव्या घातल्या होत्या. शिलाईचं मशीन खिडकीशी, खिडकीभर झाड, त्यामुळे भरदुपारी दिवा लावून काजं करायची. वर पिकलेल्या तुती दोरीवरच्या कपड्यांवर पडायच्या आणि गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर जांभळे डाग उठायचे. "मेलं हे झाड एकदाचं जात का नाही," हे त्या घरात इतक्या वेळा म्हटलं गेलं होतं की दाराखिडक्यांनाही पाठ झालं असावं. साहेबांनी मात्र ते कधी ऐकल्याचं दिसलं नव्हतं. त्यांची उभी हयात वजनमापे खात्यात गेली. दिवसभर दुकानदारांच्या तराजूतली खोट काढायची आणि घरी येऊन पेपरात डोकं खुपसायचं. आता नोकरी संपल्यावर इतक्या वर्षांचं सगळं एकदम ऐकू आल्यासारखा हा माणूस करवत घेऊन दारात उभा होता. तुझ्या उजेडाची सोय करतो, म्हणाले.

आणि काकूंना तर ते झाड हवं होतं. आता हे सांगायचं कोणत्या तोंडानं? मुलगी लग्न होऊन गेली, मुलगा परगावी गेला, साहेब तर दिवसभर बाहेर. सकाळी मशीनवर बसलं की समोर हटकून असायचं ते एक झाडच. चिडायला तरी कुणी हवं ना माणसाला! पण जन्मभर बोटं मोडून आता 'राहू द्या' म्हणायचं म्हणजे आपलेच शब्द आपणच गिळायचे, आणि तेही नवऱ्यासमोर. ते काही काकूंच्याने झालं नाही.

पहिल्या दिवशी साहेबांनी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून करवतीच्या लांबट पट्टीवर, म्हणजे बारवर, दातेरी चेन चढवली. काकूंनी दारातून पाहिलं आणि त्या जागीच थबकल्या. शिवणाऱ्या बाईला उलटी बसलेली सुई लांबून कळते. करवतीच्या अंगावर बाणाचं चित्र होतं: बारच्या वरच्या कडेवर चेनीच्या दातांची तोंडं पुढे, टोकाकडे. साहेबांनी ती आपल्याकडे करून बसवली होती. पण साहेब चित्राला पुरावा मानत नसत. ते मानत आकड्याला, आणि चेनीच्या मापाचे आकडे सगळे बरोबर होते.

करवत सुरू झाली, कान किटले, धूर निघाला. झाडाच्या सालीवर, इस्त्री विसरल्यावर कापडावर पडतो तसा तपकिरी चट्टा उठला. बाकी झाडाला काही झालं नाही. साहेबांनी चेन बोथट असल्याचा निकाल दिला. काकूंनी तोंडाला कुलूप लावलं आणि चहा टाकला.

साहेबांनी दुसरी चेन आणली. तीही तशीच उलटी चढली, दुसरा चट्टा उठला. मग बारच सदोष असणार असं ठरलं. या वेळी काकूही बरोबर निघाल्या. दुकानात कुणी काही भलतंच विचारलं तर आपण तिथे असलेलं बरं, असा त्यांचा हिशोब होता.

अवजारवाला कानावर पेन्सिल खोचलेला, घाई नसलेला माणूस होता. त्याने सांगितलं की चेन घेताना तीन गोष्टी जुळाव्या लागतात: कड्यांमधलं अंतर, बारच्या खाचेची रुंदी आणि त्या खाचेत उतरणाऱ्या खालच्या कड्यांची संख्या. यातलं एक जरी चुकलं तरी चेन चढत नाही, नाही तर चढून उतरते. साहेबांना हा माणूस फार आवडला. त्यांनी खिशातून स्वतःचं मोजायचं अवजार काढलं.

बार लांब घ्यावा की आखूड, यावर बरीच चर्चा झाली. अवजारवाल्याचं म्हणणं, इंजिन लहान आहे, लांब बार त्याला ओढवणार नाही. शिवाय लांब बारचं टोक भलतीकडे टेकलं की करवत उसळून अंगावर येते. काकूंनी मनातल्या मनात बुंध्याचा घेर मोजला आणि आखूड बारला जोरात पाठिंबा दिला. जिवापेक्षा काय जास्त आहे, म्हणाल्या. त्यावर अवजारवाल्याने खुलासा केला की दोन्ही बाजूंनी कापलं तर आखूड बारही दुप्पट जाडीचं खोड आडवं करतो. काकूंचा चेहरा पडला. मग दातांची निवड आली. टोकदार कोपऱ्यांचे दात झपाट्याने कापतात पण लवकर बोथटतात. गोल कोपऱ्यांचे सावकाश कापतात पण धार टिकते. काकूंनी सावकाशवाले घ्यायला लावले.

साहेब बारची खाच तपासायला दारातल्या उजेडात गेले, तेव्हा अवजारवाल्याने आवाज खाली आणला.

"काकू, लाकडाचा भुसा न पडता नुसता धूर येतोय ना? साहेबांना विचारा, दात कुणीकडे तोंड करून बसवलेत."

"विचारते हं," काकू म्हणाल्या आणि पिशवीची नाडी आवळली.

अर्थात विचारलं नाही. संध्याकाळी नवा बार, नवी चेन, आकडे पुन्हा पुन्हा पडताळलेले, आणि झाडावर तिसरा चट्टा. साहेबांनी करवत बंद केली. या वेळी त्यांनी निकाल दिला नाही. पायरीवर जाऊन बसले आणि हातमोजे काढले.

"जन्मभर दुसऱ्याच्या मापातली खोट काढली," ते म्हणाले. "खोट माझ्यातच आहे बहुतेक. तू इतकी वर्षं एकच गोष्ट मागत होतीस. तेव्हा ऐकली नाही, आणि आता ऐकली तर जमत नाही."

झाड वाचत होतं आणि माणूस खचत होता, आणि दोन्ही आपल्याच गप्प बसण्यानं, हे काकूंना लख्ख कळलं. त्या शेजारी बसल्या.

"अहो, चेन उलटी आहे."

साहेबांनी करवत मांडीवर घेतली. बाणावर बोट ठेवलं, मग दातांवर ठेवलं.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"झाड पडलं असतं."

"तुलाच तर नको होतं ना ते?"

"मी नुसती बोलते हो," काकू म्हणाल्या. "नुसतं बोलायचं असतं ते."

साहेब उठले. त्यांनी चेन सुलटी चढवली आणि माळ्यावरचं मोडकं स्टूल आणून त्याचे पाय कापले. भुसा ढिगाने उडाला. कापण्यासारखं आणखी काही आहे का, म्हणून ते घरभर फिरून आले, काकू त्यांच्या मागे मागे. शेवटी त्यांनी करवत पुसून स्टुलाच्या जागी माळ्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शिलाईचं मशीन ओढत नेऊन पलीकडच्या खिडकीशी लावलं. इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं. उजेड असा की दिवा लावायची गरज नाही, सुईत दोरा पहिल्या झटक्यात. काकूंनी तिथे बसून एक अख्खा झगा शिवला. समोर शेजाऱ्यांची भिंत होती.

जेवणं झाल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, मशीन होतं तिथे ठेवता का?"

साहेबांनी कारण विचारलं नाही. मशीन परत ओढत आणलं, डगमगू नये म्हणून पायाखाली कागदाची घडी सारली. काकू बसल्या, दिवा लावला, चष्मा चढवला.

"मेलं हे झाड," त्या म्हणाल्या, "डोळ्यांची पार वाट लावली."

"हो ना," साहेब म्हणाले आणि खुर्ची काकूंच्या मशीनशेजारी ओढून त्यांनी पेपर उघडला.