खंडेनवमीची टेप

साहेब, तुम्ही खोटं बोललात. भर कचेरीत विमलताईंना म्हणालात, "मशीन चुकत नाही. क्वार्टरचा अर्ज एक्याण्णवचाच आहे." त्यांनी कागदी फाइल मागितली, तर ती म्हणे वाळवीनं खाल्ली.

विमलताई कारखान्याच्या दवाखान्यात नर्स आहेत. सोनागिरी वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि लकवा झालेल्या सासूला पाठीवर घेऊन जिना उतरतात. पिपलानी वसाहतीत तळमजल्याचे तीन क्वार्टर सोमवारी वाटायचे आहेत. यादी अर्जाच्या वर्षावरून लागते; दसऱ्याला त्या तिसऱ्या होत्या. दिवाळीनंतर एकतिसाव्या!

मी कॉम्प्युटर रूममध्ये ऑपरेटर. जुना डाटा टेपवर असतो, तो काढून बघू म्हटलं. पण आमच्या टेपा सातच, वाराला एक, आणि दर आठवड्याला त्यांच्यावरच नवं लिहायचं. सातही लावल्या. सगळीकडे एक्याण्णव.

माझे सीनियर गजाननराव, पक्के नागपूरचे, चहा फुंकत म्हणाले, "हेमंता, आठवी पाहिली का बे?"

"आठवी कुठली?"

"खंडेनवमीची."

खंडेनवमीला ते मशीनला हार घालतात आणि त्या दिवशीच्या टेपेला कुंकू लावतात. पूजलेल्या टेपेवर पुन्हा लिहायचं त्यांच्या जिवावर येतं. ती कपाटात ठेवतात, स्टोअरमधून नवी मागतात. याच गोष्टीवरून तुम्ही त्यांना मेमो दिला होता ना? सरकारी मालाची नासाडी म्हणून?

"कुंकवानं मशीनचं टेप वाचणारं हेड खराब झालं तर?" मी विचारलं.

"डोकं आपलं खराब होते, मशीनचं नाही. पूस अन् लाव."

स्पिरिटच्या बोळ्यानं टेप पुसली, लावली. यंदाचीच होती, पण वाचेल की नाही कोण जाणे. आत काय काय आहे ते आधी मशीनला विचारलं. ते बराच वेळ गुरगुरत राहिलं, मग पडद्यावर क्वार्टरच्या फाइलचं नाव आलं.

"चालू फाइलवर उतरवू नको," गजाननराव म्हणाले, "नाहीतर म्हणतील तूच बदललं."

म्हणून वेगळी लायब्ररी, म्हणजे मशीनमध्येच निराळा कप्पा, बनवून तिच्यात उतरवली. टेप मागेपुढे फिरत होती आणि आम्ही दोघं पडद्याला नाक लावून बसलो होतो. मग ओळ दिसली: विमल, अर्ज १९८१, क्रमांक तीन.

मला राहवेना. दोन्ही फाइली ओळीला ओळ लावून तपासल्या. चारशे बारा नावं, अर्जाच्या वर्षात फरक एकाच ओळीत, तोही एका आकड्याचा. मशीन बिघडलं असतं तर इतकं नेमकं बिघडलं असतं?

विमलताई यादीत खाली गेल्या आणि चौथा तिसरा झाला. क्वार्टर तीनच. त्या चौथ्याचं नाव मी लिहीत नाही, तुम्हाला पाठ असेल.

दोन्ही याद्यांच्या प्रिंट कँटीनच्या बोर्डावर लावल्यात. टेप गजाननरावांनी देवापुढे ठेवली आहे. सोमवारी दहाला विमलताई सासूला पाठीवर घेऊनच तुमच्या टेबलासमोर उभ्या राहतील. तुमचंच म्हणणं, मशीन चुकत नाही. मग आठाचा नऊ कुणी केला? त्यांच्यासमोर सांगा.