टबातले चार बटाटे

पुढच्या खोलीत बारा माणसं, सात खुर्च्या आणि कोमट मिठाच्या पाण्याचा एक टब होता. बारांपैकी आजारी एकटे बाबा. बाकी मुलगी, आत्या, टबाचे मालक आणि आठ शेजारी. शेजाऱ्यांना आजारापेक्षा टबातच जास्त रस होता.

टबात बाबांचे पाय आणि विजेच्या एका यंत्राला जोडलेल्या दोन लोखंडी पट्ट्या. वरून टॉवेल. "शक्ती सांडू नये म्हणून!" असं मालकांनी बजावलं होतं. लोक त्यांना गुरुजी म्हणत, मुलगी मनातल्या मनात टबमहाराज.

मागच्या खेपेला याच टबातलं स्वच्छ पाणी बघता बघता तपकिरी झालं होतं. "निघालं बघा विष!" म्हणत सगळ्यांनी हात जोडले. लगेच गुरुजींचा हुकूम सुटला, "वेदनेचं औषध बंद. त्यानं विषाची दारं मिटतात." आत्यानं मॉर्फिन कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचली. ज्या बाबांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवताना कधी आवाज चढवला नव्हता, ते आता उशीचा कोपरा दातांत धरून पडत.

सकाळीच मुलीनं विचारलं होतं, "दहापैकी किती दुखतंय?"

"नऊ. दहा म्हटलं तर तुझी आत्या रडेल."

आत्याशी वाद घालून झाला होता. "रसायनशास्त्राची पदवी मिळाली म्हणून मला शहाणपण शिकवू नकोस! डॉक्टरांनी हात टेकले. आता मीही हातावर हात ठेवून बसू?"

आत्या चहा टाकायला आत गेली. गुरुजींनी यंत्र सुरू केलं आणि चहा कुठवर आलाय ते बघायला स्वयंपाकघरात आत्याकडे गेले. मुलीनं पिशवीतून चार बटाटे काढले. बाबांनी ते पाहिले. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या मिशा हलल्या.

"क्लच सोडू?"

"सोडा. अगदी हळू."

पाय बाहेर, बटाटे आत, टॉवेल दोन्हींवरून थेट फरशीपर्यंत. शेजाऱ्यांना फुकटचा तमाशा मिळत होता, कुणी चकार शब्द काढला नाही.

चहा संपवून, मिशी पुसत गुरुजी आले. मागोमाग आत्या. त्यांनी टॉवेलचा कोपरा उचलला. पाणी गढूळ, तपकिरी. तळ दिसत नव्हता.

"बघा ताई! ही तपकिरी छटा यकृताची. आणि हा फेस म्हणजे मनात दाबलेला राग. फार सोसलंय हो यांनी!"

"कुणी?" मुलीनं विचारलं आणि टॉवेल ओढला. बाबांचे पाय टबाशेजारी, फरशीवर होते. तिनं बाही सारून पाण्यातून एकेक बटाटा वर काढला. "यानं? की यानं? हा जरा रागीट दिसतो खरा."

कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग कुणालाच आवरेना. गुरुजी म्हणाले, "बटाट्यातही जमिनीचं विष असतं!"

"मग बटाटेही काढू. नुसतं पाणी आणि मीठ घेऊ. चालेल?"

गुरुजींना अचानक दुसऱ्या रुग्णाची आठवण झाली. ते वायर गुंडाळू लागले.

"मिठाच्या पाण्यात लोखंडाच्या पट्ट्यांतून वीज सोडली की लोखंड गंजतं," मुलगी शेजाऱ्यांना म्हणाली. "तुम्ही हात जोडलेत ते गंजाला. पुढच्या वेळी कुणी शरीरातून विष काढून दाखवलं, तर त्याला म्हणा, आधी शरीराशिवाय काढून दाखव."

खोली रिकामी झाली. आत्या टबाकडे बघत उभी होती.

"म्हणजे दादा बरा नाही व्हायचा?"

"नाही, आत्या."

"मग मी काय करू गं?"

"किल्ली दे."

आत्यानं किल्ली दिली आणि पदर तोंडाला लावला. मुलीनं डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितला तेवढा डोस मोजून बाबांना पाजला.

"छोटे," बाबा हळूच म्हणाले, "त्या टबातलं गरम पाणी मात्र झकास होतं हं."

आत्यानं टब घासला. नवं पाणी तापवून आणलं, मीठ नाही, यंत्र नाही. जमिनीवर बसून ती भावाचे पाय चोळू लागली.

तासाभरानं मुलीनं पुन्हा विचारलं, "दहापैकी किती?"

"तीन."