माथ्याच्या अलीकडे

निवेदिकेने खाली वाकून टेलरबाईंच्या पँटचा काठ दोन बोटं वर दुमडला. पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरची लोखंडी पट्टी उघडी पडली.

"असंच राहू द्या हं. समोरून दिसायला हवं."

"काय दिसायला हवं?"

"तुमची जिद्द."

टेलरबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. पोरीच्या जाकिटाची खांद्यावरची शिवण ओढली गेली होती, अस्तर आखूड पडलं होतं आणि बाहीला आतून टाचणी लावून वेळ मारून नेली होती. आणि ही बाई दुसऱ्याची जिद्द मोजायला निघालेली. त्यांनी काठ खाली सोडला आणि तळहाताने इस्त्री फिरवल्यासारखा सपाट केला.

पडद्यामागच्या त्या खोलीत घडीच्या खुर्च्यांची चळत होती, पाण्याच्या बाटल्यांचा खोका होता आणि भिंतीशी ताठ बसलेले सर होते. शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे मास्तर. ज्यांना कुणी डोंगरावर नेत नाही त्यांना रविवारी नेणारी संस्था त्यांनी अकरा वर्षांपूर्वी काढली. न दिसणारे, न ऐकू येणारे, चाकाच्या खुर्चीवरून फिरणारे, छातीचं ऑपरेशन झालेले. "दुरुस्तीला येऊन पडलेला माल," असं टेलरबाई म्हणायच्या, आणि त्या मालात स्वतःला पहिल्या नंबरावर धरायच्या. आज त्या संस्थेला वर्षातली सर्वोत्तम म्हणून गौरवणार होते.

"मानपत्र एकदा नजरेखालून घाला," म्हणत निवेदिका कागद देऊन गेली.

"मोठ्याने वाचा," शेजारचा ऑपरेटर म्हणाला. तो इस्पितळात टेलिफोन सांभाळायचा. डोळ्यांनी जन्मापासून अंध, जिभेने मात्र चौकस.

"'एका पायाच्या बळावर डोंगरमाथा सर करून ज्यांनी...'" टेलरबाई थांबल्या.

"ही कोण हो बाई? आमची ओळख करून द्या की," ऑपरेटर म्हणाला.

टेलरबाई सरांकडे वळल्या. सरांनी घसा साफ केला.

"फॉर्ममध्ये रकाना होता. माथा गाठलेले सदस्य किती. शून्य लिहिलं की फॉर्म पुढेच सरकत नव्हता."

"म्हणून मला चढवलंत."

"एकच आकडा लिहिला, बाई."

"फारच हात आखडता घेतलात."

शून्य लिहायला सरांना लाज वाटावी, याचंच टेलरबाईंना नवल वाटलं. कारण ते शून्य त्यांनीच कमावलेलं होतं. संस्थेत सरांनी घातलेला नियम एकच. वाटेत कुणीही, कुठेही 'पुरे' म्हटलं की सगळ्यांनी मागे फिरायचं. का, ते विचारायचं नाही. 'थोडंच राहिलंय' हे शब्द ज्याच्या तोंडून निघतील, त्याने परतताना सगळ्यांच्या बाटल्या वाहायच्या. त्यामुळे अकरा वर्षांत माथा कुणीच पाहिला नव्हता, आणि कुणाचं काही अडलंही नव्हतं.

मागच्या थंडीत मात्र त्या फार वर गेल्या होत्या. माथ्यावरचा दगडी चौथरा समोर दिसत होता. त्यावर बसलेला कावळासुद्धा दिसत होता. टेलरबाईंचा पाय दुखत नव्हता. दमही लागला नव्हता. तरी त्या म्हणाल्या, "पुरे."

त्यांना फक्त बघायचं होतं. व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरांपासून थोरल्या भावापर्यंत सगळ्यांनी त्यांना आयुष्यभर 'थोडंच राहिलंय, चल' म्हणून ओढलं होतं. ही माणसं खरंच फिरतात का, ते बघायचं होतं.

सर सगळ्यांत आधी वळले. चौथऱ्याकडे त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही. उतरताना ऑपरेटरने तीन जुने विनोद सांगितले. दुसऱ्या दिवशी टेलरबाई दुकान उघडून तासभर मशीनला हात न लावता बसून राहिल्या.

आणि त्याच सरांनी घरी जाऊन, फॉर्म उघडून, उरलेली तेवढी वाट कागदावर चढून टाकली होती.

"वनखात्याचे साहेब दुसऱ्या रांगेत आहेत," सर हळू आवाजात म्हणाले. "नावाजलेली संस्था नाही म्हणून तीन वर्षं नदीकाठचं फाटक उघडत नाहीयेत. चाकाची खुर्ची जाईल अशी ती एकच वाट आहे, बाई."

"म्हणजे खोटं तुमचं, आणि चालवायचं माझ्या पायाने."

पडद्यापलीकडून संस्थेचं नाव पुकारलं गेलं आणि सर उठले.

व्यासपीठावर प्रमुख पाहुणे बोलत होते. पाच पायऱ्या चढताना त्यांना दोघांनी दोन्हीकडून धरलं होतं. त्याबद्दल मानपत्रात अक्षर नव्हतं. 'प्रेरणा' हा शब्द त्यांनी नऊ वेळा वापरला. ऑपरेटर बोटांवर मोजत होता. मग निवेदिकेने टेलरबाईंपुढे माइक धरला.

"माथ्यावर पाऊल ठेवलंत, त्या क्षणी काय वाटलं?"

टेलरबाईंनी सभागृहाकडे पाहिलं. सगळे चेहरे आधीच ओले व्हायच्या तयारीत, नुसता धक्का द्यायचा अवकाश. गिऱ्हाईक आरशापुढे छाती फुगवून उभं राहिलं की 'शोभतंय हो तुम्हाला' म्हणायचा त्यांचा एक आवाज होता. तोच त्यांनी काढला.

"वारा फार होता. खालची घरं काड्यापेटीएवढी. वाटलं, ज्यांनी ज्यांनी मला घरी बस म्हटलं, त्यांना इथून एक हाक मारावी."

लोक उभे राहिले. दुसऱ्या रांगेतल्या साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. सर मांडीवरचं सन्मानचिन्ह उलटं करून त्याचा तळ बघत होते.

कार्यक्रमानंतर बाहेरच्या बोळात चहा होता. साहेब सरांना "सोमवारी कागद घेऊन या" म्हणून पाहुण्यांकडे गेले, पाच-सहा पावलांवर.

"वर्णन झकास केलंत," ऑपरेटर म्हणाला. "मला तर दिसलंच."

टेलरबाईंनी चहाचा कप न पिताच खाली ठेवला. तेवढ्यात काखेत कुबड्या घेतलेली एक मुलगी गर्दी कापत थेट त्यांच्यापुढे येऊन थांबली. वीस-बावीसची असेल. धाप लागली होती, पण ती लपवण्यासाठी तिने ओठ घट्ट मिटले होते. ते ओठ मिटणं टेलरबाईंना चांगलं ओळखीचं होतं.

"मावशी, मी पण येणार. जीव गेला तरी बेहत्तर, वर पोचल्याशिवाय परत फिरायची नाही. शेवटचा टप्पा कसा आहे?"

"मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"तिथवर मी गेलेच नाही. आत बोलले ते खोटं."

"बाई, हळू," सर पुटपुटले. त्यांचं लक्ष साहेबांच्या पाठीकडे होतं. टेलरबाईंनी आवाज ना चढवला, ना उतरवला.

मुलीचा चेहरा आक्रसला. आंबलेलं काही तोंडात गेल्यासारखं तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली कॅलिपरकडे.

"पाय दुखला म्हणून फिरलात?"

"नाही."

"मग?"

"मी म्हटल्यावर बाकीचे फिरतात का, बघायचं होतं."

मुलीच्या मागून कुणीतरी 'जरा बाजूला' म्हणालं. ती हलली नाही.

"फिरले?"

"सगळे."

"आणि मग नंतर... टोमणे वगैरे?"

"एकानेही नाही. आजपर्यंत."

सरांनी सन्मानचिन्ह या हातातून त्या हातात घेतलं. मुलीने कुबड्यांवरचा भार सैल करून पाठ भिंतीला टेकवली आणि मिटलेलं तोंड उघडून, सगळ्यांना ऐकू जाईल असा, मोठा श्वास घेतला.

"रविवारी किती वाजता निघता?"

"साडेसहाला," सर चटकन पुढे होत म्हणाले, "शाळेच्या फाटकापासून."

मुलगी टेलरबाईंकडेच पाहत राहिली. प्रश्न तिने त्यांना विचारला होता.