चिवड्याच्या पिशवीवरचा पहारेकरी

मी चिमटा बोलतोय. कपडे वाळत घालायचा नव्हे, केसांत खोचायचा तर मुळीच नव्हे. मी डॉक्टरी चिमटा आहे आणि सध्या नॉटिंगहॅममधल्या एका स्वयंपाकघरात चिवड्याच्या पिशवीचं तोंड धरून बसलो आहे. हसा खुशाल, मला सवय आहे.

माझी जन्मदात्री डॉ. वैजयंती. इथल्या एका हॉस्पिटलात ती भूल द्यायची. भूल दिलेल्या माणसाच्या घशात श्वासाची नळी घालतात आणि ती हलू नये म्हणून गालाला चिकटपट्टी लावतात. एकदा एका म्हाताऱ्या बाईंची पट्टी काढताना गालाची कातडीही सोलून आली. शुद्धीवर आल्यावर त्या बाईच वैजयंतीला म्हणाल्या, "सॉरी, डक. माझी स्किनच तशी आहे." नॉटिंगहॅमची माणसं कोणालाही लाडाने डक म्हणतात. वैजयंती त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही.

तिचा नवरा उदय इंजिनिअर. चिकटपट्टीऐवजी नळी धरायला त्याने गॅरेजमध्ये कानस घासून घासून मला घडवलं. सांडशीसारखे दोन जबडे, आत मऊ गाद्या आणि पोटात बारीकशी बॅटरी. पकड जरा ढिली झाली की मी टीं टीं करतो. मग वैजयंतीने पेटंटचा अर्ज केला. पेटंट मिळालं म्हणजे अर्जाच्या दिवसापासून वीस वर्षं मला दुसऱ्या कोणी बनवायचं नाही. मी प्रत्यक्ष कामाला लागलो की नाही, याच्याशी त्या वीस वर्षांना काही देणंघेणं नसतं.

आणि कामाला लागायला परवानगी लागते. माझी गुळगुळीत भावंडं चाचण्यांना गेली. मी पहिला नमुना, ओबडधोबड, म्हणून घरीच राहिलो. तपासणाऱ्यांनी एकशे त्रेचाळीस प्रश्न विचारले. उत्तरं गेली तेव्हा प्रश्न विचारणारा माणूस निवृत्त झाला होता. नव्या माणसाने पहिल्यापासून सुरुवात केली. मध्येच देशाने युरोपशी काडीमोड घेतला आणि सगळे कागद नव्या नियमांप्रमाणे पुन्हा लिहावे लागले. तोवर मी पोहे, रवा, हळद, मेथी अशा सगळ्या पिशव्यांवर नोकरी केली. हळदीने मला कायमचा पिवळा केला.

परवानगी आली तेव्हा वैजयंती निवृत्त झाली होती आणि वीसपैकी साडेअठरा वर्षं संपली होती. लेस्टरचा कारखानदार म्हणाला, "साचे करायला मी तयार आहे, पण हातात पाच वर्षं तरी हवीत. नाहीतर मी साचे करणार आणि दीड वर्षात कोणीही नक्कल करणार."

वैजयंतीने लंडनजवळ पिनरला राहणाऱ्या लेकीला, ईशानीला फोन लावला. ईशानी वकील आहे.

"तपासणीत वर्षं गेली, तर ती वाढवून मिळतात ना गं?"

"आई, ते मेडिसिनला मिळतं. मॅक्सिमम पाच वर्षं. पण हा डिव्हाइस आहे."

"मग डिव्हाइसचा वेळ काय फुकट जातो?"

"लॉ तसा आहे, आई. अमेरिकेत डिव्हाइसला पण एक्स्टेंशन मिळतं."

उदयने पेपर खाली केला. "तरी मी तेव्हा म्हणत होतो, न्यू जर्सीला जाऊ."

मग त्याने मला उचलून दिव्यापाशी धरलं. "वैजू, ह्याला हळद लागलीय. हळद म्हणजे औषधच की. तसं लिहून टाक."

वैजयंतीने अकरा पानी अर्ज केला. त्यात हळदीचा उल्लेख नव्हता, असं ती सांगते. उत्तर दोन परिच्छेदांचं आलं, अत्यंत सभ्य. आपण औषध नसल्याबद्दल आम्हांला खेद वाटतो, असा त्याचा एकूण सूर होता. कारखानदाराने हात वर केले. मला फार वाईट वाटलं. जन्माला येऊन एकाही गालाच्या उपयोगी पडलो नाही.

मुदत संपली त्या दिवशी वैजयंतीने मला धुतलं, बॅटरी बदलली आणि चिवड्याच्या पिशवीला लावलं. "निदान उदयवर तरी लक्ष ठेव," म्हणाली. उदयला हृदयाचा त्रास सुरू झाला होता आणि तळलेलं बंद होतं. तो दुपारी चोरपावलांनी आला की मी टीं टीं करायचो. माझी तेवढीच प्रॅक्टिस. तरीही दोन वर्षांत त्याची बायपास करावी लागलीच.

ऑपरेशननंतर तो आयसीयूत होता, घशात नळी, डोळे मिटलेले. वैजयंती सकाळपासून शेजारी बसून होती. इतकी वर्षं इतरांच्या नातेवाइकांना धीर दिलेली बाई, पण स्वतः नर्सला दर तासाला तेच ते विचारत होती. दुपारी भूक लागली म्हणून तिने पर्समधून चिवडा काढला आणि मला सोडवलं. मी टीं टीं केलं.

नर्स धावत उदयकडे गेली. त्याची नळी तपासली. तेव्हा मला दिसलं. त्याच्या गालाशी एक निळा चिमटा होता. सांडशीसारखे दोन जबडे, आत मऊ गाद्या. पेटंट संपल्यावर कोण्या कंपनीने काढलेला असणार. वैजयंतीही बघतच राहिली होती. सकाळपासून ती फक्त उदयच्या छातीकडे बघत होती.

नर्सला आवाजाचा उगम सापडला. तिने मला आणि पिशवीला आळीपाळीने बघितलं. "हे पेशंटसाठी असतात, डक. क्रिस्प्सच्या पाकिटासाठी नाही."

"सॉरी," वैजयंती म्हणाली. तिने मला पर्समध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी नळी निघाली. वैजयंतीने उदयच्या गालावरून बोट फिरवलं. साधा ओरखडाही नव्हता.

"काय बघतेस?" त्याने बसक्या आवाजात विचारलं.

"दाढी वाढलीय," ती म्हणाली आणि रडली.

मला वाढीव वर्षं मिळाली नाहीत, त्याचं आता काही नाही. उदय घरी आलाय आणि मी पुन्हा पहाऱ्यावर आहे. माझं मागणं एवढंच. तुमच्यापैकी कोणी त्या आयसीयूत गेलात, तर त्या नर्सला तेवढं सांगा, की मी चोरीचा नाही.