अल्ब्युमिन

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तिनं उभी हयात काढली होती. कोण वरून मीठ मागून घेतो, कोण नको असलेली भाजी हळूच शेजाऱ्याच्या ताटात सरकवतो, हे तिला मान वर न करता कळायचं. चार घास पोटात गेले की माणूस ताळ्यावर येतो, यावर तिचा पक्का भरवसा होता. म्हणूनच कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट समजावताना 'अल्ब्युमिन' असं म्हटलं, तेव्हा एवढ्या अवघड शब्दांतला तो एकच शब्द तिला आपल्या खात्यातला वाटला.

नवरा शेजारीच बसला होता. तोही त्याच कारखान्यात, पत्र्यांवर फवाऱ्यानं रंग मारायच्या कामावर. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. फुप्फुसातली गाठ आता यकृतापर्यंत पोचली होती आणि नवं औषध सुरू करण्याआधी त्याचं रक्त तपासलं होतं.

"सूज दाखवणारं प्रथिन वाढलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पांढऱ्या पेशींचा तोल बिघडलाय आणि अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, बरंच खाली आलंय. ही तिन्ही लक्षणं एकदम दिसली, की औषध सहसा फारसं लागू पडत नाही. काहींना पडतंही. पण तुम्हाला अंधारात ठेवणं मला बरं वाटत नाही."

"वेळ किती आहे, तेवढं सांगा," उस्ताद म्हणाला.

"बहुतेकांच्या बाबतीत काही महिने."

"म्हणजे रंग लावण्याआधीच पत्रा गंजलाय म्हणा की!" तो हसला आणि हसता हसता खोकल्यानं वाकला.

तिचं लक्ष भलतीकडेच होतं. "हे अल्ब्युमिन कशातून मिळतं हो?"

"शरीरच बनवतं ते. प्रथिनं पोटात जायला हवीत, अंडी, डाळी, दूध, झेपेल तेवढं. पण काकू, एक लक्षात..."

पुढचं तिच्या कानात शिरलंच नाही. दुखणं डॉक्टरांचं, पण खाणं आपलं. ती घरी आली आणि चपला काढायच्या आधी तिनं डाळ भिजत घातली.

त्या दिवसापासून ती हात धुऊन त्याच्या मागे लागली. सकाळी अंडी, मग डाळीचं पाणी, दुपारी मासा, संध्याकाळी घट्ट दूध. औषधाच्या पहिल्या सलाइननंतर त्याच्या तोंडाला लोखंडाची चव आली होती, तरी तो कुरकुरला नाही. चमचा समोर आला की लहान पोरासारखा आ करायचा. रिकामी वाटी बघून तिचा जीव भांड्यात पडायचा.

न्हाणीघराचा नळ जेवणानंतर हटकून चालू होतो, हे तिच्या ध्यानात यायला उशीरच झाला. एके दुपारी तिनं दार ढकललं. उस्ताद भिंतीला धरून ओणवा झाला होता. नळाच्या धारेखाली सगळं जेवण वाहून चाललं होतं.

"अहो! रोज असंच चाललंय?"

त्यानं हात लांबवून नळ बंद केला.

"मग खाता कशाला? मी तिथं आचेपाशी मरमर मरते आणि तुम्ही..."

"तुझा चेहरा बघून खातो," तो तोंड पुसत म्हणाला. "वाटी रिकामी झाली की तू जरा बरी दिसतेस."

ती त्याच्यावर ओरडली, नको नको ते बोलली, मग त्याला धरून पलंगापर्यंत घेऊन आली. त्याचा दंड तिच्या मुठीत मावत होता.

पुढच्या तपासणीत अल्ब्युमिन आणखी घसरलेलं निघालं. उस्तादला बाहेरच्या बाकावर बसवून ती एकटीच आत गेली.

"माझं कुठं चुकलं ते सांगा," ती म्हणाली. "त्यांच्या पोटात टिकत नव्हतं, मला कळलंच नाही. आधी कळलं असतं तर पातळ करून दिलं असतं, थोडं थोडं दिलं असतं."

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून तिच्यासमोर येऊन बसल्या. "काकू, तुम्ही सोन्याचा घास भरवला असतात तरी ते घसरलंच असतं. आतल्या सुजेमुळे शरीर ते बनवणंच कमी करतं. आजार किती पुढे गेलाय, ते त्यावरून आम्हाला कळतं, इतकंच. तुमच्या हाताचा यात काहीही दोष नाही."

दोष नाही म्हटल्यावर हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दोष असता तर तो सुधारता आला असता. आता करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

औषध थांबवायचं उस्तादनंच ठरवलं. वेदनेच्या गोळ्या घेऊन दोघं घरी आली. सवयीनं ती ओट्याकडे वळली, तसा तो म्हणाला, "बस की जरा इथं. लग्न झाल्यापासून तुझी पाठच बघतोय मी."

ती बसली. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून तिनं त्याचे पाय मांडीवर घेतले.

मग एक दिवस धाकटा दीर आला, भलामोठा प्रथिनांच्या पावडरीचा डबा काखेत मारून. "वहिनी, हे दुधातून द्या. माझ्या साहेबांच्या सासऱ्यांचं रक्त यानंच सुधारलं. दादाचे आकडे कसे वर येत नाहीत, बघतोच मी!"

खरं काय ते तिच्या ओठांवर आलं होतं. पण दिराचे डोळे असे लुकलुकत होते, की आपण डाळ भिजत घातली तो दिवस तिला आठवला.

"देईन हो भावजी," ती म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ देईन." आणि डबा फळीवर ठेवून दिला.

डॉक्टरीणबाईंचा अंदाज चुकला नाही. शेवटी शेवटी उस्ताद फक्त ओल्या कापसानं ओठ टिपू द्यायचा. गेला तो भर दुपारी, तिच्या मांडीवर पाय ठेवूनच. शेजारच्या घरात कुणीतरी कांदा परतत होतं. तो खरपूस वास खिडकीतून आत आला आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला स्वयंपाकाच्या वासाची शिसारी आली. पाय तसेच धरून तिनं हात लांबवला आणि खिडकी लावून घेतली.