बारा व्होल्टचा रकाना

बारकीचा कॉम्प्युटर त्या आठवड्यात दुसऱ्यांदा मध्येच बंद पडला, तेव्हा दादा टेप घेऊन वर आला आणि खोलीची लांबी-रुंदी मोजून गेला.

बारकी हे घरातलं शेंडेफळ, वय एकतीस. खाली वडिलांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान, वरच्या खोलीत तिचं टेबल. एका डेंटल लॅबसाठी ती पडद्यावर दातांच्या कॅप घडवायची. तिची फाइल गेली की लॅबमधलं मशीन त्याप्रमाणे दात कोरायचं. लॅबची मालकीण मोजकं बोलणारी बाई होती. दोन फाइली उशिरा गेल्यावर तिने एकच ओळ कळवली: शुक्रवारी सकाळी दहापर्यंत अकरा दात आले नाहीत, तर काम दुसरीकडे जाईल. काम गेलं की बारकी खाली गल्ल्यावर आणि खोली दादाच्या मालाला, हे तिला न विचारताच घरात ठरून गेलं होतं.

बिघाड कुठे आहे ते तिला कळलं होतं. कॉम्प्युटर तिने स्वतःच नव्याने बांधला होता. मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड सगळं नवीन. पॉवर सप्लाय मात्र आहे तोच चालेल म्हणून जुना ठेवला. पडद्यावरचा जबडा फिरवायला घेतला की कार्ड जास्त वीज मागायचं आणि जुना सप्लाय हात वर करायचा. चूक तिची होती, आणि तसं तिने जेवताना सगळ्यांसमोर सांगितलंही होतं. दादाने तेवढंच लक्षात ठेवलं.

मग तिने कागद घेतला. कार्डाला दोनशे वीस वॅट, प्रोसेसरला सव्वाशे, पंखे आणि बाकी किरकोळ मिळून पन्नास. बेरीज तीनशे पंच्याण्णव. ओढाताण नको म्हणून साडेसहाशे वॅटचा सप्लाय तिने निवडला आणि गुरुवारी दुपारी तो घेऊन आली.

दुकानातून वर जायचा जिना काट्याशेजारून जात होता आणि काटा चुकवून आजवर घरात काही गेलं नव्हतं. नळ, कुलूप, इस्त्री, पातेली, सगळं आधी काट्यावर. हलकं निघालं की परत. जड ते खरं, हा बाबांचा कायदा होता आणि त्यावर अपील नव्हतं.

काट्यापाशी दादा उभा होता. ओळखीतल्या कोणाकडून त्यानेही एक पॉवर सप्लाय आणला होता. वर ठसठशीत आकडा: ८५०. बाबांनी दोन्ही वजन केले. तिचा एक किलो चारशे साठ ग्रॅम, दादाचा जवळजवळ दोन किलो. दादा म्हणाला की त्याच्या डब्यात माल आहे, तिच्या डब्यात हवा आहे. बाबांनी तिचा सप्लाय पिशवीत भरून तिच्यापुढे सरकवला आणि कॉम्प्युटरचं दुकान बंद व्हायच्या आत परत करून ये, असं सांगितलं.

"काटा खोटं बोलत नाही, बारके."

"नाही बोलत. पण बाबा, तुम्ही त्याला वजन विचारलंत, त्याने वजन सांगितलं."

तिने दादाचा डबा उलटा केला. मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत रकाने होते. बारा व्होल्टच्या रकान्यावर तिने बोट ठेवलं, कारण कार्ड आणि प्रोसेसर दोघंही तिथूनच वीज घेतात. तिथे चोवीस अँपिअर होते. बारा चोवीस दोनशे अठ्ठ्याऐंशी वॅट, ती म्हणाली. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. तिच्या डब्यावर त्याच रकान्यात चोपन्न होते, म्हणजे साडेसहाशेला दोनच कमी.

दादा हसला. "बारा चोक अठ्ठेचाळीस गं."

"बारा गुणिले चोवीस. तू गल्ल्यावर बसतोस ना रे?"

बाबांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं. लेबल काय, कोणीही छापतं, असं म्हणून त्यांनी पुन्हा पिशवीकडे बोट दाखवलं. दादाने विचारलं, आणि उद्या हा हलका डबा बंद पडला तर?

"बंद पडला तर कुठे चुकलं ते शोधीन. खाली बसायला येणार नाही. खोलीही देणार नाही."

तिने पिशवी उचलली आणि ती जिन्याने वर गेली. या घरात काट्याने नाकारलेली वस्तू जिना चढली ती पहिल्यांदाच.

चार स्क्रू, दोन जाड जोडण्या, तीन बारीक. तासाभरात सप्लाय बसला. शुक्रवारी सकाळी सात वाजता तिने जबडा उघडला. मागच्या दोन्ही वेळा सहाव्या दाताला पडदा काळा झाला होता. सहावा आला तेव्हा तिने हातातला कप खाली ठेवला. पंख्याचा आवाज चढला, स्थिरावला. सातवा झाला. आठवा झाला.

नऊ वाजता बाबा वर आले. एका हातात दादाचा डबा, दुसऱ्यात टॉर्च. पारड्याखाली चिकटवलेलं शिसं हुडकण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. रात्रभर त्यांना स्वस्थता नव्हती. पंख्याच्या जाळीतून त्यांनी आत बघितलं होतं.

"आत लोखंडाची जाड पट्टी बसवलीय," ते म्हणाले. "नुसती. तिला एकसुद्धा वायर नाही." टॉर्च विझवून म्हणाले, "मी स्वतः परत द्यायला जातोय. दादाला घेऊन."

बारकीने मान वळवली नाही.

"जा. आणि बाबा, जाताना दार ओढून घ्या. दोन दात राहिलेत."

बाबांनी दार ओढून घेतलं. दहाला बारा मिनिटं कमी असताना फाइल गेली. लॅबच्या मालकिणीचं उत्तर लगेच आलं, नेहमीसारखं एका ओळीचं: खालचा जबडा पाठवते, सोमवारपर्यंत हवा.