लागी आजीचं अर्पण

एसेकिएलू आमच्या गावात आला तेव्हा सगळ्यांची नजर त्याच्या बुटांवर गेली. बूट पांढरेशुभ्र, आणि गाडी थांबली तिथून आमच्या घरापर्यंतची वाट सगळी काळ्या लाव्ह्याच्या चुऱ्याची. तरी बुटांवर एक डाग नाही. आमच्या गायकमंडळातली सीना माझ्या कानात म्हणाली, "देवच याला अधांतरी चालवत असणार." आणि ती थट्टा करत नव्हती.

मी या गावच्या चर्चच्या पाळकांची बायको, त्यामुळे मोठा पाहुणा आला की तो आमच्याच घरी उतरतो. एसेकिएलूची आई मूळची इथली, आमच्या सावाई बेटाच्याच किनाऱ्यावर वाढलेली. तो स्वतः मात्र ब्रिस्बेनचा. तिथे त्याच्या उपासनेला अख्खं स्टेडियम भरतं. आमच्याकडे घरोघरी फोनवर त्याचीच प्रवचनं चालू असायची. खरं सांगते, त्याला वाढताना मी पानात मीठ घालायचंच विसरले. तो आत आला की खोली लहान वाटायची. "जरा मीठ द्या" म्हणाला तरी वाटायचं, हे आपण जन्मभर लक्षात ठेवणार.

त्याची शिकवण सोपी होती. देव गरीब नाही, मग त्याच्या लेकरांनी गरीब का राहायचं? हात मोकळा सोडून द्या, देव शंभर पटीनं परत करील. माझे यजमान, पाउलो, हे सगळं मान खाली घालून ऐकत. मी त्यांना विचारलं, "तुम्हाला नाही का आवडत त्याचं बोलणं?"

"आवाज फार छान आहे," ते म्हणाले आणि अंगणात निघून गेले.

रविवारी दुपारी शाळेच्या मैदानावर सभा झाली; एसेकिएलूचा कॅमेरावाला अगदी पुढे उभा होता. आजूबाजूच्या गावांतून माणसं आली होती, ट्रकच्या मागे बसून, कडेवर पोरं घेऊन. एसेकिएलू बोलायला लागला आणि मैदान गप्प झालं. नुसतं बोलणं नव्हतं ते. ज्यांनी वर्षानुवर्षं मान वर केली नव्हती अशी माणसं उभी राहून रडत होती. माझ्याही अंगावर काटा आला. देव त्या आवाजात होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पण त्या दुपारी तो मैदानावर होता एवढं खरं.

मग अर्पणाची वेळ झाली. लोक रांगेनं पुढे येऊन देत होते: नोटा, डुकरं, बायकांच्या कानातलं. रांग संपत आली तेव्हा लागी आजी उठली.

लागी आजी आमच्या गावातली सगळ्यांत चांगली विणकरीण. केतकीची पानं समुद्राच्या पाण्यात भिजवून, उन्हात पांढरी करून, केसासारखी बारीक चिरून ती चटई विणते. आमच्यात अशी चटई बसायला नसते. लग्नाला, मयताला, मानपानाला असते. आजीनं खांद्यावरून आणली होती ती तिनं कितीतरी वर्षं विणली होती. दोन बायकांनी कोपरे धरून ती उलगडली. रेशमासारखी ती वाऱ्यावर हलली, आणि कडेची लाल पिसं थरथरली. गाव जागेवरच थिजलं. ती चटई आजीनं स्वतःच्या मयतासाठी ठेवली आहे, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

एसेकिएलूनं हात वर केला. "आई, तुझं हे दान देव विसरणार नाही. या चटईच्या शंभर पट..."

"नको," आजी म्हणाली.

माईक नसतानाही ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"मला परत काही नको, बाबा. देवाकडे तसलं काही मागू नकोस माझ्यासाठी. हे दिलं ते दिलं. माझा आपेलू तुझ्या मंडळीत होता. तू त्याच्या डोक्यावर हात ठेवलास, त्या दिवशी त्यानं मला फोन केला होता. फार आनंदात होता. त्या आनंदाबद्दल हे."

एवढं बोलून ती जागेवर जाऊन बसली. एसेकिएलूचा हात तसाच वर राहिला.  शेवटी पाउलोंनीच उठून गीत सुरू केलं.

संध्याकाळी मी जेवण मांडलं: भाजलेलं डुक्कर, अळूचे कंद, नारळाच्या दुधातली अळूची पानं, म्हणजे पालुसामी. एसेकिएलूनं पानाला हात लावला नाही.

"पाळकबाई, हा आपेलू कोण?"

मी पाउलोंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, तेव्हा मी सांगितलं. आपेलू लागी आजीचा मुलगा, ब्रिस्बेनला खाटीकखान्यात कामाला होता. त्याला साखरेचा आजार होता, रोज इंजेक्शन लागायचं. मग तो एसेकिएलूच्या मंडळीत जायला लागला. औषधाला ठेवलेले पैसे त्यानं अर्पणात टाकले आणि इंजेक्शन बंद केलं. तीन आठवड्यांत गेला. पेटी विमानानं आली. पुरायला सगळं गाव होतं.

"पण मी त्याला औषध सोडायला कधी सांगितलं?"

"त्यानं आईला फोनवर सांगितलं होतं," मी म्हटलं. "पास्टर म्हणतात, ज्याचा वैद्य स्वर्गात आहे त्याला चिठ्ठी लागत नाही."

एसेकिएलूनं डोळे मिटले. "माझंच वाक्य आहे ते," तो म्हणाला. "प्रत्येक सभेत म्हणतो. टाळ्या पडतात."

त्यानं पान बाजूला सारलं. मग विचारलं, "पाळकसाहेब, इफोगाला कसं बसतात?"

इफोगा म्हणजे आमच्यातली सर्वांत मोठी क्षमायाचना. कोणाच्या हातून कोणाचा जीव गेला तर गुन्हेगार पहाटे मेलेल्याच्या दारात जाऊन बसतो, अंगावर मानाची चटई घेऊन. घरच्यांनी चटई उचलली तर क्षमा मिळाली. नाही उचलली तर तो बसून राहतो, आणि कोणी दगड उचलला तरी हलत नाही.

इतके दिवस त्याला अहोजाहो करणारे पाउलो एकदम म्हणाले, "हा काही कार्यक्रम नाही, पोरा. तुझा तो कॅमेरावाला सोबत येणार असेल तर विसर."

"तो इथेच राहील."

"चटई कुठून आणशील?"

"तिनं दिलेली आहे ना."

"तिचीच?"

"दुसरी विकत घेऊन बसलो तर पुन्हा पैशानंच सगळं मिळवल्यासारखं होईल."

पाउलोंनी माझ्याकडे पाहिलं. मग ते त्याला बसायचं कसं, ते दाखवायला उठले.

पहाटे मी लागी आजीच्या घराकडे गेले तेव्हा तो बसलेला होता. खडीवर मांडी घालून, मान खाली, आणि अंगावर ती चटई. माणूस दिसतच नव्हता. पांढरे बूट बाजूला काढून ठेवलेले. त्या सगळ्या देहाचा, त्या आवाजाचा एक लहानसा ढीग झाला होता.

हळूहळू गाव जमलं. सगळे लांब बसले. आजीचा पुतण्या मोसे कोयता घेऊन आला आणि त्याच्या समोर उभा राहिला. आमच्या थोरल्या मताईंनी, म्हणजे गावच्या प्रमुखांनी, नुसतं म्हटलं, "मोसे, घर तुझ्या काकूचं आहे." मोसे हलला नाही, पण त्यानं हातही उचलला नाही.

आमच्या जुन्या घरांना भिंती नसतात, झावळ्यांचे पडदे असतात. आजीनं पडदे वर केले. तिनं त्याला पाहिलं. मग चूल पेटवली, कोको उकळायला ठेवला आणि खराटा घेऊन रोजच्यासारखं अंगण झाडायला लागली. त्याच्या भोवतीनं झाडलं. त्याच्या गुडघ्याजवळ पडलेलं फणसाचं पानसुद्धा खराट्यानं अलगद ओढून घेतलं. बाकी फक्त खराट्याचा आवाज. चर्चमध्ये मी इतकी शांतता कधी ऐकली नाही, आणि माझा नवरा पाळक आहे.

सूर्य वर आला. खडी तापली. चटईखालचा तो ढीग मधूनच थरथरायचा. मला वाटलं, ती उचलणार नाही. तिनं उचलू नये असंही एक क्षण वाटलं.

मग आजी पडवीतून उतरली. त्याच्यापुढे वाकली, चटईची कड बोटांनी चाचपली, पिसांवरची धूळ झटकली. आणि उचलली.

एसेकिएलू घामानं भिजला होता. चेहरा सुजलेला.

"ऊन लागलं ना," आजी म्हणाली. "आत ये."

त्याला उठताच येईना, पाय बधिर झाले होते. शेवटी कोयता बाजूला टाकून मोसेनंच त्याला बगलेत धरून उभं केलं. तेव्हा मात्र आमच्या कितीतरी बायकांना हुंदका आवरला नाही.

आजीनं त्याला कोको दिला. त्यानं वाटी दोन्ही हातांनी धरली. "आजी, मला क्षमा कर."

"केली. म्हणून तर उचलली. आता मला सांग, आपेलू तिकडे कसा होता? हसायचा का?"

त्यानं वाटी खाली ठेवली. खोटं बोलणं त्याला किती सोपं होतं. गोड दोन वाक्यं म्हणाला असता तर म्हातारीनं जन्मभर जपली असती.

"मला तो आठवत नाही, आजी," तो म्हणाला. "रात्रभर आठवून पाहिलं. इतक्या डोक्यांवर हात ठेवलेत. चेहरा आठवत नाही."

मला वाटलं आता ती त्याला बाहेर घालवणार. आजीनं फक्त त्याच्या वाटीत आणखी कोको ओतला.

"मग मी सांगते," ती म्हणाली. "ऐक."

आणि ती दुपारपर्यंत सांगत राहिली. आपेलू लहानपणी कसा कासवांशी बोलायचा, कोणत्या झाडावरून पडला, गाताना कसा बेसूर व्हायचा आणि तरी थांबायचा नाही. ज्याचं ऐकायला हजारो माणसं जमायची, तो माणूस खाली मान घालून ऐकत होता. 

एसेकिएलू परत गेला. पुढं ब्रिस्बेनमध्ये भरल्या सभेत त्यानं सांगितलं की ते वाक्य चुकीचं होतं, त्यानं एकाचा जीव घेतला, आणि औषध घेणारे सगळे घेत राहा. बरेच लोक त्याला सोडून गेले. स्टेडियम गेलं. आता तो एका शाळेच्या सभागृहात उपदेश करतो म्हणतात. सीनाला अजून वाटतं की हा सगळा त्याचा नवा खेळ आहे. मी तिच्याशी वाद घालत नाही.

त्या पहाटेनंतरच्याच रविवारी आमच्या चर्चमध्ये नेहमीप्रमाणे अर्पण जमलं. आमच्यात कोणत्या घरानं किती ताला, म्हणजे आमचे पैसे, दिले ते मोठ्यानं वाचून दाखवतात. त्या अर्पणावर आमचं घर चालतं, आणि आपलं नाव मागे पडेल या धास्तीनं लोकांची झोपही उडते. पाउलो उभे राहिले. कागद हातात होता. ते त्याच्याकडे बघत राहिले, मग त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला.

"वाचा ना, पाळकसाहेब," पुढच्या बाकावरचे मंडळीतले एक ज्येष्ठ म्हणाले. "आमचं नाव आहे त्यात."

"देवाला ठाऊक आहे," पाउलो म्हणाले.

ते ज्येष्ठ फार रागावले, अजून रागावलेलेच आहेत. पण त्या क्षणी चर्चमध्ये जी शांतता पसरली ती मी आठवडाभरापूर्वी एका अंगणात ऐकली होती. मागच्या बाकावर कोणीतरी हळू आवाजात गायला लागलं, थोडंसं बेसूर, आणि मग सगळेच गायला लागले.